ऑलिंपिकवीर नेव्हिल डिसोझा यांचे चरित्र

देवळाच्या जुबिलीनिमित्त जी स्मरणिका निघते तीत संतांची चरित्रे द्यावी, धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या सेवेचा वृत्तांत द्यावा, अशी वहिवाट आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु रविवारची मिस्सा आटोपताच चेंडू घेऊन मैदानाकडे धाव घेणारी जी मुले आपल्या मंडळीत आहेत, त्यांच्या वाट्याला अशा पुस्तकातील एखादे पानही येऊ नये, हे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून एका प्रापंचिक मनुष्याचे, एका फुटबॉल खेळाडूचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांचे नाव एके काळी वर्तमानपत्रांनी देशभर पोहोचविले, व ज्यांची ओळख आज आपल्या मुलांस नव्याने करून द्यावी लागते, ते मुंबईचे नेव्हिल डिसोझा होत.

नेव्हिल डिसोझा कुर्डुवाडीचे नव्हेत, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि आपले गाव ज्या लोहमार्गावर वसले आहे, त्याच्याच एका टोकाला मुंबई व दुसऱ्या बाजूला वाडीवरून पुढे हैदराबाद आहे. आणि ज्या संघाची ही कथा आहे तो मुंबईचा हा एक नेमबाज व हैदराबादचा एक शाळामास्तर ह्यांच्यामुळेच नावारूपास आला. ज्या गावाचे स्टेशन पूर्वी बार्शी रोड ह्या नावाने ओळखले जात असे, जेथून १८९७ सालापासून बार्शी लाईटची लहान गाडी धावू लागली, त्या आमच्या जंक्शनात बसून ह्या दोन शहरांच्या मिलाफाची गोष्ट सांगावी, ह्यात आम्हांस काही विसंगत दिसत नाही.

नेव्हिल ह्यांचा जन्म ३ डिसेंबर १९३२ रोजी झाला. हा दिवस संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणाचा आहे हे वाचकांस सांगावयास नकोच. गोमंतकीय ख्रिस्ती घरात ह्या दिवशी मूल जन्मले तर त्या घरास किती आनंद होत असेल, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी. घराण्याचे मूळ गाव बारदेशातील आसगाव. आसगावाजवळच शिवोली नावाचे गाव आहे, व गोव्यातील फुटबॉलचा उगम ह्या शिवोलीतच सांगतात. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक धर्मगुरू तेथे येऊन राहिले. त्यांनी मुलांना अक्षरांबरोबर चेंडूही दिला. पुढे हडफडे येथे त्यांनी शाळा काढली, व तेथेही हा खेळ शिकविला. आज गोव्यात देऊळ तेथे मैदान असे जे दृश्य दिसते त्याचे मूळ ह्या एका पाद्र्याच्या हौशीत आहे. मुलांनी मैदानात फार वेळ घालविला म्हणून जे पालक आमच्याकडे कुरकुर करतात, त्यांनी ही हकीकत ध्यानात घ्यावी.

पोटापाण्यासाठी गोव्यातील हजारो कुटुंबे मुंबईस आली. कोणी बोटीवर, कोणी रेल्वेत, कोणी छापखान्यात, कोणी साहेबाच्या स्वयंपाकघरात कामास लागले. गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव व गिरगाव ह्या बाजूस आपापले कूड स्थापिले, आणि चेंडूही बरोबर आणला. नेव्हिल हे ह्या मुंबईकर गोमंतकीयांपैकी होत. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ते ऐन उमेदीत होते तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९५५ च्या सत्याग्रहानंतर हिंदुस्थानातून तिकडे जाणे-येणे फार कठीण झाले, व ही स्थिती डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत राहिली. म्हणजे ज्या वर्षी नेव्हिल भारताच्या वतीने परदेशी खेळले, त्या वर्षी त्यांचे वाडवडिलांचे गाव परक्या राज्यात मोडत होते. गोमंतकीय ख्रिस्ती मनुष्याच्या देशनिष्ठेविषयी त्या काळी काही लोक उगाच शंका घेत असत. नेव्हिल ह्यांनी त्यावर काही भाषण केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. त्यांनी गोल केले.

त्या वेळची मुंबई फुटबॉलच्या दृष्टीने कशी होती हे थोडे सांगितले पाहिजे. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथे १८९१ पासून चालत आली होती. प्रथम तीत गोऱ्या पलटणींचेच संघ जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने तो चषक नेला तेव्हा कोठे ती परंपरा मोडली. सामने कूपरेजच्या मैदानावर होत, व भर पावसाळ्यातही लोकांची दाटी असे. परंतु खेळून पोट भरेल अशी सोय त्या वेळी नव्हती. आज आपण ज्यास व्यवसायी खेळाडू म्हणतो तसा वर्ग हिंदुस्थानात उघडपणे अस्तित्वातच नव्हता, व ऑलिंपिकमध्ये तर पगारी खेळाडूंस मज्जावच होता. मोठमोठ्या कंपन्या, रेल्वे, पोलीस, लष्कर हे चांगल्या खेळाडूस नोकरी देत व आपल्या संघात घेत. नोकरी हाच त्याच्या खेळाचा मोबदला. नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्स क्लबातर्फे खेळत. पुढे ते कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीच्या संघात गेले. त्या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. त्याआधी १९५४ च्या हंगामात मद्रास येथे झालेल्या संतोष चषकाच्या स्पर्धेत मुंबई प्रांताचा संघ प्रथमच विजयी झाला, त्या संघातही नेव्हिल होते. बंगाल्यांचा हा खेळ असे ज्यांस वाटत असे त्यांस ह्या विजयाने थोडा विचार करावयास लाविले.

नेव्हिल हे आघाडीच्या फळीत मधल्या जागी खेळत, म्हणजे ज्यास सेंटर फॉरवर्ड म्हणतात ती जागा. ह्या जागेचे काम बाहेरून पाहणाऱ्यास सोपे भासते. दुसरे धावतात, दुसरे चेंडू आणून देतात, व हा फक्त शेवटचा पाय लावतो, असे अजाण मनुष्य म्हणतो. परंतु चेंडू कोठे पडणार हे चेंडू तेथे पडण्यापूर्वी ओळखून त्या ठिकाणी हजर असणे, ही विद्या शिकवून येत नाही. शेतकऱ्यास जसा पाऊस वाऱ्यावरून कळतो, तशी ती अंगात असावी लागते. नेव्हिल ह्यांच्या अंगी ती होती, व ती किती होती हे मेलबर्न येथे जगास दिसले.

मेलबर्नची गोष्ट समजण्यास त्याआधीच्या दोन ऑलिंपिकांची आठवण अवश्य आहे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, व आपण २-१ असे हरलो. परंतु कौतुक पुष्कळ झाले. १९५२ साली हेलसिंकी येथे मात्र कौतुकास जागाच राहिली नाही. युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. त्या थंड देशात बूट न घालता खेळण्याचा हट्ट किती महाग पडतो हे कळल्यावर बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळाचा अभिमान हा आमच्या मते खरा अभिमान नव्हता. गरिबीला दिलेले ते एक गोड नाव होते.

ह्या पराभवानंतर संघाला वळण लावण्याचे काम ज्यांनी केले ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे मूळचे शाळामास्तर. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघास असे तयार केले की, त्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक मुंबईहून आपल्या गावी नेला. रहीमसाहेबांचा सारा भर शिस्तीवर, जलद चेंडू देण्यावर व डावपेचांवर असे. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांनी जो संघ नेला त्यात हैदराबाद-सिकंदराबादच्या खेळाडूंचा भरणा मोठा होता; कर्णधार समर बॅनर्जी हे बंगालचे होते; पी. के. बॅनर्जी व तुळशीदास बलराम हे वीस वर्षांचे तरुण होते. गोल राखण्यास पीटर थंगराज होते. मैसूरचे केंपय्या होते. ह्या मेळ्यात मुंबईचा एक ख्रिस्ती तरुण आघाडीवर होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्वजण एका शाळामास्तराच्या आज्ञेत होते. देशाची फाळणी होऊन तेव्हा नऊच वर्षे लोटली होती, हे लक्षात घेतल्यास ह्या गोष्टीचे मोल कळेल.

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडावयाची होती. परंतु त्या शरद ऋतूत हंगेरीत जनतेने उठाव केला, व नोव्हेंबरच्या आरंभी रशियन रणगाड्यांनी तो चिरडून टाकिला. कॅथॉलिक वाचकांस त्या दिवसांची वेगळीच आठवण असेल. कारण कित्येक वर्षे कैदेत असलेले कार्डिनल मिंडझेंटी ह्यांची त्याच उठावात सुटका झाली, व रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरताच त्यांस अमेरिकन वकिलातीत आश्रय घ्यावा लागला. तेथे ते पंधरा वर्षे राहिले. त्या धामधुमीत हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला खेळलाच नाही, व भारतास न खेळता पुढे चाल मिळाली. एका राष्ट्राच्या शोकातून दुसऱ्यास मिळालेली ही सवलत होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी, शनिवार, १ डिसेंबर १९५६ रोजी झाला. दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता, आणि नेव्हिल ह्यांस चोवीस वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. ऑस्ट्रेलियाने जपानला हरविले होते, मैदान त्यांचे होते व प्रेक्षकही बहुतेक त्यांचेच होते. नवव्या मिनिटाला नेव्हिल ह्यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो ह्यांनी तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल ह्यांचा दुसरा गोल झाला. एकेचाळिसाव्याला मॉरो ह्यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. अशा वेळी पाहुण्या संघाचे पाय जड व्हावयाचे, व यजमानांस चेव यावयाचा, असा नेहमीचा अनुभव. परंतु मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिल ह्यांनी तिसरा गोल चढविला. ऐंशीव्या मिनिटाला मद्रासकडील किट्टू ह्यांनी चौथा केला, व भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल, ज्यास हॅट्रिक म्हणतात, करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. काही दिवसांनी सिडनी येथे ह्याच ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एक सामना झाला. तो आपण ७-१ असा जिंकला. मेलबर्नचा विजय हा नशिबाचा खेळ होता असे म्हणणाऱ्यांची ह्यामुळे सोय राहिली नाही.

ह्या विजयाने भारत उपान्त्य फेरीत गेला. तेथवर आशियातील कोणताही देश पूर्वी पोहोचला नव्हता. आणि समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल केले होते, व ज्याने आदल्याच सामन्यात अमेरिकेवर नऊ गोल चढविले होते! त्यांचे खेळाडू नावाला हौशी असले तरी खेळ हाच त्यांचा धंदा होता. हा सामना ४ डिसेंबरला, नेव्हिल ह्यांच्या वाढदिवसाच्या व सणाच्या दुसऱ्या दिवशी झाला. पूर्वार्धात गोल झालाच नाही. दहा गोलांचा पराभव ज्यांच्या स्मरणात होता त्यांस ह्या शून्याचे केवढे अप्रूप वाटले असेल! आणि मग बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल डिसोझा ह्यांनी गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

आम्हांस विचाराल तर नेव्हिल ह्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा गोल हाच. हॅट्रिकचे नाव होते, पुस्तकात तिची नोंद होते. परंतु ऑस्ट्रेलियाचा संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरलेला व कच्चा होता. युगोस्लाव्हियाचा तसा नव्हता. ज्या संघापुढे आपण लाजिरवाणे हरलो होतो, त्याच्यापुढे आपण आता दोन मिनिटे का होईना, पुढे होतो. होय, दोनच मिनिटे. चौपन्नाव्या मिनिटाला पापेच ह्यांनी बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच ह्यांनी आघाडी घेतली, पासष्टाव्याला पापेच ह्यांनी पुन्हा गोल केला, व शेवटी आपल्याच सलाम ह्यांच्या पायाला लागून चेंडू आपल्या गोलात गेला. सामना ४-१ असा सुटला. ज्यांनी हेलसिंकी पाहिले होते त्यांस हा पराभव वाटला नसेल. जे मैदानात होते त्यांस मात्र वाटला असेलच.

तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला. बल्गेरियाने ग्रेट ब्रिटनला ६-१ असे हरविले होते, व रशियाशी जादा वेळात थोडक्यात हार खाल्ली होती. आपण ३-० असे हरलो. पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या आदल्या दिवशी भारताच्या हातून कांस्यपदक गेले. चौथा क्रमांक मिळाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान भारतास आजतागायत लाभलेले नाही. नेव्हिल ह्यांचे एकंदर चार गोल झाले, आणि संपूर्ण स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांची गणना झाली; इतर दोघे युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच व बल्गेरियाचे मिलानोव्ह. आपण केलेल्या पाच गोलांपैकी चार एकट्या नेव्हिल ह्यांचे होते.

येथे आम्ही एक स्पष्ट बोलू इच्छितो. मेलबर्नच्या चौथ्या क्रमांकाचा उल्लेख निघाला की पुष्कळ लोक तो भारतीय फुटबॉलच्या सुवर्णयुगाचा पुरावा म्हणून पुढे करतात. सुवर्णयुग होते, ह्यात शंका नाही. १९५१ साली दिल्लीस व १९६२ साली जकार्तास आशियाई सुवर्णपदक आपण मिळविलेच. परंतु मेलबर्नला आपण तीन सामने खेळलो व त्यांतील एकच जिंकलो. एक सामना न खेळता मिळाला. म्हणजे हा चौथा क्रमांक ज्या एका विजयावर उभा आहे, तो विजय ज्या चार गोलांनी मिळाला, त्यांतील तीन एका मनुष्याचे आहेत. ह्यावरून संघाची योग्यता कमी ठरते असे नव्हे. चेंडू कोणीतरी आणून दिल्यावाचून गोल होत नाही, आणि रहीमसाहेबांची शिकवण नसती तर हे काहीच घडले नसते. परंतु ज्याच्या पायाने राष्ट्राचे नाव झाले त्याचे नाव राष्ट्राने लक्षात ठेवावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ती अपेक्षा पुरी झाली काय? १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हते. तरुण खेळाडू पुढे आले होते. ह्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही, खेळाडूचे आयुष्य आखूडच असते. त्यांचे बंधू डेरिक हेही नावाजलेले खेळाडू होते, व मुंबईच्या मैदानावर डिसोझा हे नाव काही वर्षे गाजत राहिले. १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षी तो पी. के. बॅनर्जी ह्यांस मिळाला, पुढील वर्षी बलराम ह्यांस, व काही वर्षांनी थंगराज ह्यांस. हे तिघेही त्यास पात्र होते. नेव्हिल ह्यांस तो कधीच मिळाला नाही. कर्णधार समर बॅनर्जी २०२२ साली वारले; त्यांच्याही वाट्यास तो आला नाही. कारण काय असेल? आम्हांस वाटते ते असे की, पुरस्कार देणारे चालू वर्षाकडे पाहतात, आणि नेव्हिल ह्यांचे वर्ष पुरस्काराच्या आधी पाच वर्षे होऊन गेले होते. कागदोपत्री ही अडचण खरी असेल; तथापि नियम माणसांनी केलेले असतात, आणि माणसे आपल्या नियमांस मुरड घालतात हेही आपण पाहतो.

१७ मार्च १९८० रोजी, उपवासकाळात, नेव्हिल डिसोझा ह्यांनी इहलोकची यात्रा संपविली. वय अवघे सत्तेचाळीस. ज्या रहीमसाहेबांनी त्यांस मेलबर्नला नेले ते त्याआधीच, १९६३ साली, जकार्ताच्या विजयानंतर वर्षही पुरे होण्याच्या आत निवर्तले होते. पुढे अनेक वर्षे ह्या दोघांविषयी कोणी फारसे बोलले नाही. २०२४ साली रहीमसाहेबांच्या चरित्रावर मैदान हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कित्येक तरुणांस मेलबर्नच्या सामन्याची वार्ता प्रथमच कळली. चित्रपटातून इतिहास शिकण्याची वेळ यावी ही गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांस भूषणावह नाही. परंतु मुळीच न कळण्यापेक्षा ते बरे.

मुंबईने मात्र एक चांगली गोष्ट केली आहे. वांद्रे येथील फुटबॉलच्या मैदानास नेव्हिल डिसोझा ह्यांचे नाव दिलेले आहे. तेथे कृत्रिम हिरवळ घातली असून मुंबईच्या साखळी स्पर्धेचे सामने होतात, आणि मुलामुलींचे संघ तेथे खेळतात. आमच्या धर्मग्रामातून जी मंडळी सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेस वांद्र्यास जातात, त्यांनी टेकडीवर दर्शन झाल्यावर, मेणबत्ती लावून झाल्यावर, बरोबरच्या मुलांना तेवढे मैदानही दाखवून आणावे. फाटकावरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत येताना कुर्डुवाडी येईपर्यंत त्यांना ह्या गृहस्थांची हकीकत सांगावी.